दिव्याआधीचा घास

वारजे, पुणे
९ जानेवारी २०२५, दुपारी ३.१०

ती. सिंधूताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे कान धड असते तर फोनच केला असता, आणि पाच मिनिटांत भांडून ठेवलाही असता. तेव्हा पत्र बरं.

इथे मी पहिलवान होतो आहे. हसू नकोस. डिसेंबरात डॉक्टरांनी साखरेची नवी गोळी दिली (ती पहाटे साडेपाचला घेतो) आणि रोज व्यायाम करा असं फर्मावलं. सोसायटीत व्यायामशाळा आहे. तिथे विक्रम नावाचा एक जण शिकवतो, त्याचे दंड माझ्या मांडीएवढे. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, एम्प्टी स्टमक वर्कआउट नाही करायचा. आधी प्रोटीन मस्ट." आणि यादीच हातात दिली. उकडलेली अंडी, पनीर, मोडाचे मूग, सत्तू, दही, भिजवलेले शेंगदाणे. मी म्हटलं, बाबा रे, बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात अडतीस वर्षं गठ्ठे उचलले ते चहा-पोह्यांवर. त्याने असं पाहिलं, जणू मी शिलालेख वाचून दाखवला.

अंडी बाद. हेमा जाऊन दीड वर्ष झालं, तरी स्वयंपाकघर तिचंच आहे. देव्हाराही तिचाच. पूजा मी करतो, पण तिच्या पद्धतीने, एक फूल इकडचं तिकडे नाही. ती होती तेव्हा देवाकडे पाठ करून पेपर वाचायचो, त्याची फेड समज.

पुष्कर आणि श्रद्धा सातला कंपनीच्या बसने जातात, तनयाला मी स्कूटरवरून शाळेत सोडतो. एकूण माझं चाललंय झकास. काल मात्र व्यायामाहून येताना लिफ्टमध्ये शिरलो आणि आपला मजला कितवा तेच आठवेना. दोनदा वर-खाली केलं. लिफ्टलाही व्यायाम झाला.

तुझ्या मुगाच्या धिरड्यांची कृती पाठव.

श्रीधर


वाई
१३ जानेवारी

चि. श्रीधर,

आशीर्वाद आहेतच, पण आधी मला सांग, मजला आठवेना म्हणजे काय? चार वर्षं राहतोस त्या घराचा? पत्राच्या शेवटी, धिरड्यांच्या शेजारी, गंमत म्हणून लिहितोस? मी ते वाक्य चारदा वाचलं.

नानांचं असंच सुरू झालं होतं. तुला आठवत नसेल, वडिलांपाशी घरी मी असायचे, तू दुकानात. आधी चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग जिना कुठला ते. शेवटी एके सकाळी चपला न घालता घरातून निघाले ते थेट मार्केट यार्डात. कांद्याच्या पोत्यांवर बसून होते. मी त्यांच्या सदऱ्याच्या आत नाव-पत्त्याची कापडी चिठ्ठी शिवली होती, म्हणून सर्जेराव हमालाने वाचून घरी आणून सोडलं. मला "आई" म्हणाले त्या दिवशी. तेव्हा ते पासष्टचे होते. तू आता चौसष्टचा.

तसं नसेल. अशक्तपणा असेल. रात्रभर मूग भिजव, सकाळी आलं-मिरची घालून वाट, मीठ, जिरं, पातळ धिरडी घाल, वर दही घे. मिरची बेताने.

काही लपवू नकोस. मीही सकाळी घाटावर फिरायला जाते, कोरा चहा घेऊन. मला अजून तरी घर सापडतं.

ताई


वारजे
१८ जानेवारी, दुपारी २.००

ती. ताईस,

लपवू नकोस म्हणालीस, म्हणून लिहितो. हे वाचून पत्र फाड.

काल तनयाला घेऊन निघालो. पुलाखालच्या सिग्नलला थांबलो. अंगातून घामाच्या धारा, जानेवारीच्या थंडीत! हात हँडलवर थरथरत होते. हिरवा लागला, मागून हॉर्नचा नुसता गोंगाट, आणि मला कळेना, हे हॉर्न कुणासाठी वाजताहेत. पाठीमागून कुणीतरी शर्ट ओढत होतं. "आजोबा, हिरवा झाला! आजोबा!" ताई, ती मुलगी कोण, ते मला क्षणभर समजलं नाही. माझी नात. तिला जन्मल्यावर दुसऱ्या तासाला मी मांडीवर घेतलंय.

तिने रस्ता सांगितला. डावीकडे, आता सरळ, आता थांबा. उतरल्यावर म्हणाली, "तुम्ही मुद्दाम करत होता ना?" मी म्हटलं हो. आणि आईबाबांना सांगू नकोस, आपलं गुपित. सात वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं.

गंमत म्हणजे घरी आलो, अंघोळ केली, पूजा केली, नऊ वाजता तुझी धिरडी खाल्ली, आणि दहाला डोकं आरशासारखं स्वच्छ. सगळं शब्दकोडं सोडवलं. मग वाटतं, छे, काही नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा व्यायामशाळेतून बाहेर पडतो तेव्हा स्वतःलाच विचारतो, आज काय जाईल? रस्ता, मजला, की तिचं नाव?

पुष्करला कळवू नकोस. त्याला कळलं की तनयासाठी बाई ठेवतील आणि मला खुर्चीत बसवतील. ती सकाळची अर्धा तास पाठीला टेकून बडबडते, तेवढंच माझ्या दिवसात आहे. तुला माझी शपथ.

आणि नानांच्या होत्या तशा कापडी चिठ्ठ्या मला शिवून पाठवशील का? बाजारात मागायला लाज वाटते.

श्रीधर


वाई
२२ जानेवारी

चि. श्रीधर,

शपथ घालून मोकळा झालास, आता मी इथे रोज सकाळी देवापुढे बसून तुझं नाव घेते. पत्र फाडलं नाही. फाडणार नाही.

चिठ्ठ्या शिवल्या. आठवड्याच्या सात वारांना सात. दोरा निळा घेतला, नानांना होता तसाच. तुझं नाव टाक्यांनी काढताना इतकी रडले की एक उसवून पुन्हा घातली. शर्टाच्या आत, डाव्या बाजूला लाव.

आता ऐक. स्कूटरवर त्या लेकराला बसवायचं नाही. एक दिवसही नाही. रिक्षा कर, पाठ दुखते म्हणून सांग. नानांचं आधी जागांचं गेलं, मग माणसांचं, मग शब्दांचं. तुझं जागांचं आणि माणसांचं झालंय. हे लिहू नये, पण मला दुसरं काही सुचत नाही. रक्त एकच ना आपलं? परवा शेजारीणबाई बोलत होत्या आणि मला त्यांचं आडनाव सुचेना. मीही घाबरले. असो, माझं काही नाही.

खाण्याची हेळसांड करू नकोस. तुला सांगायचं राहिलं, मुगाची धिरडी फार चांगली. रात्रभर मूग भिजव, आलं-मिरची घालून वाट, जिरं घाल, वर दही घे. पोटात गेलं की अंगात जोर राहतो.

डॉक्टरला विचार. निदान विचार तरी.

ताई


वारजे
२९ जानेवारी, सकाळी ६.५०

ताई

चिठ्ठ्या मिळाल्या चिठ्ठ्या मिळाल्या सहा आहेत निळ्या. आज वजनं उचलली विक्रम म्हणाला काका बसा. मी बसलो आहे. हे टेबल कुणाचं आहे. हेमा चहा टाकत नाही अजून. तिला सांग नाना आले आहेत खाली उभे आहेत चिठ्ठ्या मिळाल्या


वारजे
२९ जानेवारी, दुपारी १२.३०

ती. ताईस,

वरचा कागद मला आत्ता टेबलावर सापडला. अक्षर माझं आहे. वर वेळही मी घातली आहे, दुकानातली सवय. पण हे मी कधी लिहिलं ते मला ठाऊक नाही. फाडणार होतो. मग म्हटलं, एकीला तरी खरं कळू दे. दोन्ही एकाच पाकिटात घालतो.

त्यानंतर काय झालं ते आठवतं, पण धुक्यातून. रिक्षा केली होती, तुझं ऐकून. आठ वाजता मी घराच्या दारात उभा होतो आणि माझ्या खांद्यावर तनयाचं दप्तर होतं. तनया नव्हती.

ताई, मला आठवेना. तिला शाळेत सोडलं की रस्त्यात? रिक्षातून मी एकटाच उतरलो का? मी तसाच धावत सुटलो. दुसऱ्या रिक्षात बसल्यावर शाळेचं नाव सुचेना, तर खिशातून तिचं ओळखपत्र काढून रिक्षावाल्याला वाचायला दिलं. तिथल्या शिपाईकाकांनी एक चॉकलेट हातावर ठेवलं, बसा म्हणाले, आणि आत जाऊन बघून आले. वर्गात होती. दप्तराविना बसली होती आणि बाईंना सांगत होती, आजोबा घेऊन येतील. मी त्या बाकावर ढसाढसा रडलो. पाच-दहा मिनिटांनी सगळं लख्ख आठवलं. फाटकात तिने मला पापा दिला होता, तोसुद्धा.

आज ती होती वर्गात. उद्या नसली तर? मला मरणाची भीती नाही गं. माझ्या हातून तिचं काही होईल, ह्याची आहे.

चिठ्ठ्या सहाच निघाल्या. तू सात लिहिलं होतंस. टपालात एखादी पडली असेल. आणि धिरड्यांची कृती दुसऱ्यांदा का पाठवलीस? पहिल्या खेपेला मी नापास झालो का?

श्रीधर


वाई
१ फेब्रुवारी

चि. श्रीधर,

बूड टेकून बस आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझं पाकीट काल आलं. पहिला कागद मी दोनदा वाचला. दुसरा वाचला आणि वाटलं, हे दोन कागद एका माणसाचे नाहीत. मग तुझी सगळी पत्रं काढली, जमिनीवर तारखेने मांडली. तू वेळ घालतोस, देवाची कृपा! दुपारी लिहिलेलं प्रत्येक पत्र छापल्यासारखं. टोमणे जागच्या जागी. लिफ्ट, सिग्नल, दप्तर, हा कागद, जे काही घडलं ते सगळं सकाळी सहा ते आठ. नऊला तू खातोस, आणि दहाला शब्दकोडं. त्या दिवशी चॉकलेट खाल्लंस आणि पाच मिनिटांत तुला पापा आठवला.

नानांचं गेलेलं दुपारी परत येत नव्हतं, श्रीधर. जेवल्यावर तर कधीच नाही.

तसंच उठून समोरच्या औषधाच्या दुकानात गेले. तिथली प्रियदर्शनी शिकलेली पोर आहे. तिला सगळं सांगितलं. तिने पहिलाच प्रश्न केला, "आजी, ते गोळी घेतल्यावर खातात किती वाजता?" आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुमच्या घरात दिवा लागल्याशिवाय घास नाही! हेमाचा नियम. तू पहाटे साडेपाचला गोळी घेतोस, कारण औषध म्हणजे खाणं नव्हे. मग व्यायाम करतोस. घाम येतो म्हणून अंघोळ नंतर. अंघोळीनंतर पूजा, आणि पूजेनंतर धिरडी. साडेतीन तास ती गोळी तुझ्या रिकाम्या पोटात साखर शोधत फिरते! विक्रमला काय सांगत होतास? यादीप्रमाणे खातो म्हणून? खात होतास, नऊ वाजता!

प्रियदर्शनीने तुला माझ्यादेखत फोन केला. तू म्हणालास, "बघतो." तुझं "बघतो" मी चौसष्ट वर्षं ओळखते. तू हेमाचा नियम मोडणार नाहीस आणि मरशील. म्हणून एक सांगते. हे कधी सांगायचं नव्हतं.

हेमा स्वतः खायची. तुमच्याकडे मी राहायला असताना पाहिलंय मी. पहाटे, अंघोळीआधी, हिरव्या साडीत ओट्याशी उभी राहून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. मला म्हणाली, "वन्सं, ह्यांना सांगू नका. मला भोवळ येते हो." मग अंघोळ, मग दिवा. देवाने तिला काही केलं नाही. तुला काय करणार आहे?

गोळी आणि घास बरोबर. नाहीतर गोळीही नको, व्यायामही नको. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा आणि पुष्करला सांग. तुझी शपथ मी मोडली असं समज, मोडलेली बरी.

ताई


वारजे
६ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

ती. ताईस,

वेळ बघ. अक्षर बघ. व्यायाम करून आलोय आणि तुला लिहितोय.

तुझं पत्र मंगळवारी आलं. संध्याकाळी पुष्करला सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो खाली बसला आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. बुधवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, "अहो काका, नाश्त्याआधी म्हणजे नाश्ता समोर ठेवून!" गोळी निम्मी केली, पहिल्या घासाबरोबर घ्यायची. महिनाभर स्कूटर बंद. मी हट्टाने स्मरणशक्तीची तपासणीही करून घेतली. शंभरातून सात वजा करत गेलो, घड्याळ काढून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम. नानांचं काही नाही, ताई. नाही!

आज पहाटे देव्हाऱ्याचं दार लोटून घेतलं, हेमाला दिसू नये म्हणून, आणि ओट्याशी उभं राहून दोन धिरडी आणि वाटीभर दही खाल्लं. हात कापत होते, पण ते साखरेने नव्हे. तेवढ्यात तनया डोळे चोळत आली. "आजोबा, दिवा नाही लावला अजून!" मी म्हटलं, "आजपासून आजोबा आधी." ती म्हणाली, "मग मला पण." तिला अर्धं दिलं. आज पुष्कर तिला सोडायला गेलाय. सहा चिठ्ठ्यांच्या पाठीवर तिच्याकडून पेनाने लिहून घेतलंय: "गोंधळलेला दिसलो तर साखर द्या."

आता मुद्द्याचं. ते शेंगदाण्याचं खोटं फार सुरेख बोललीस. हिरवी साडी वगैरे घालून. हेमाला शेंगदाण्याने पित्त उठायचं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात अंगभर गांधी आल्या होत्या, आणि रात्रंदिवस कोकम चोळत बसली होतीस ती तू. पुढे आपण एका घरात राहिलो ती पस्तीस वर्षं उपासाला तिच्यापुरती दाण्याचा कूट न घातलेली खिचडी तूच करायचीस. घरात दाणा आला तर डबा वेगळा, चमचा वेगळा. तुझाच नियम होता तो.

वाचलं तेव्हा हसलो. म्हटलं, माझी बहीण माझ्यासाठी देवापुढे खोटं बोलली. पण आत्ता पाकिटावर पत्ता घालताना तुझी सगळी पत्रं समोर आली. दोनदा आलेली धिरडी. शेजारीणबाईंचं आडनाव. आणि सहा चिठ्ठ्या.

ताई, तू खोटं बोललीस ना? तेवढं एका ओळीत लिही. मी तुझ्या हजार खोट्यांना माफी देतो. फक्त खोटंच होतं, एवढं लिही. आणि सातवी कुठे आहे?

श्रीधर


वाई
१० फेब्रुवारी

चि. श्रीधर,

तू वाचलास. पहिलं वाक्य तेवढंच लिहायचं होतं. प्रियदर्शनीला पेढा दिला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस शोधते आहे. खोटं बोलले असं लिहायला कागद घेतला होता, पण मी लपवू नकोस म्हटल्यावर तू लपवलं नाहीस, मग मी कसं लपवू? मला ती दिसते रे. ओट्याशी उभी, हिरवी साडी, मुठीत दाणे. तिचा आवाज ऐकू येतो, "वन्सं, ह्यांना सांगू नका." तू म्हणतोस ते कोकम मला आठवत नाही. वेगळा डबा आठवत नाही. अजिबात नाही.

घाटावरून येताना परवा मी दुसऱ्याच आळीत शिरले. चहा-खारी खाऊनच गेले होते. दुपारीही आठवलं नाही, कशी आले ते.

सातवी टपालात पडलेली नाही. तिच्यावर माझं नाव आहे. जानेवारीतच घातलं, तुझ्या सहा शिवून झाल्यावर, त्याच निळ्या दोऱ्याने. पोलक्याला आतून लावली आहे.

तुझी पत्रं मी तारखेने जमिनीवर मांडली होती. आता माझी तू मांड. मागच्या वर्षीचीही काढ. काय दिसतं ते पत्राने कळवू नकोस, स्वतः येऊन सांग. पुष्करलाही आण. मला फार भीती वाटते आहे.

सकाळी खाऊन निघ.

ताई